खेड्यात सीईटीच्या गणिताचा क्लास टाकताय? आधी एस.टी.चं वेळापत्रक पाहा

मागच्या दिवाळीत ओळखीतला एक पोरगा घरी आला. बी.एस्सी. गणित झालेलं, एम.एस्सी. अर्धवट सुटलेलं. म्हणाला, "सर, गावातच क्लास टाकून राह्यलो. आशीर्वाद द्या." आशीर्वाद दिला आणि विचारलं, "सीईटीचा गणिताचा पेपर शेवटचा कधी सोडवलास?" तर म्हणे, "शिकवता येते ना सर, सोडवाचं काय त्यात?" त्या दिवशी आमच्याकडे चहा तीनदा झाला. त्याला जे सांगितलं, तेच इथे जरा नीट लावून लिहितो. सीईटी म्हणजे बारावीनंतर अभियांत्रिकीला जायची राज्याची प्रवेश परीक्षा, पूर्ण नाव एमएचटी-सीईटी.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी अकरावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवतो. आजूबाजूच्या सात-आठ खेड्यांतली पोरं येतात. नागपूर-अकोल्यात एसी हॉल घेऊन बसायचा विचार असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. तालुक्याच्या किंवा त्याहून लहान गावात, टिनाखाली किंवा कुणाच्या ओसरीवर सुरुवात करणाऱ्यांसाठी हे आहे.

पेपर आधी स्वतः द्या

फळा विकत घ्यायच्या आधी हे काम करा. ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर सराव परीक्षा असते. घड्याळ लावून, दार लावून ती द्या. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न, एकेक गुणाचे. गणिताचेही ५० प्रश्न, पण दोन-दोन गुणांचे. म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. पालकांना हे एक वाक्य सांगितलं की "गणिताची वेगळी शिकवणी कशाला?" हा प्रश्न मिटतो.

पहिली ९० मिनिटं भौतिक-रसायनाची, पुढची ९० गणिताची. पहिल्या भागात गणित उघडतच नाही, त्यामुळे इकडचा वेळ तिकडे वळवता येत नाही. ५० प्रश्नांना ९० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. कॅल्क्युलेटर नाही. मी पहिल्यांदा असा पेपर दिला तेव्हा माझे ३४ प्रश्न झाले होते, आणि मी तेव्हा पाच वर्षं शिकवत होतो. फळ्यावर नीटनेटकी सिद्धता मांडणाऱ्या माणसाचा हात आणि १०८ सेकंदांत उत्तर काढणाऱ्याचा हात वेगळा असतो.

सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे पोरांच्या हाडात मुरवा. चार पर्याय असतात. शेवटचे दहा प्रश्न डोळे मिटून भरले तरी सरासरी अडीच बरोबर येतात, म्हणजे पाच गुण. जेईई मेनचा, म्हणजे देशपातळीवरच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेचा, हिशेब निराळा. तिथे गणिताचे २५ प्रश्न, २० पर्यायांचे आणि ५ संख्येत उत्तर लिहायचे. बरोबरला ४, चुकीला वजा १. पर्यायांच्या प्रश्नांत चार अंदाज मारले तर सरासरी एक लागतो, तीन जातात, हाती १ गुण. एखादा पर्याय खात्रीने खोडता आला तर अंदाज आणखी फायद्याचा. संख्येच्या प्रश्नात मात्र अंदाज म्हणजे निव्वळ तोटा, तिथेही १ गुण कापतात. हे गणित पोरांकडूनच करून घ्या. सरासरीची संकल्पना त्यातच शिकवून होते.

सीईटीचे साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या ठरलेल्या धड्यांवर असतात, ८० टक्के बारावीवर. हे ऐकलं की काही पोरं अकरावीचं वर्ष सुट्टीचं समजतात. त्यांना विचारा, त्रिकोणमिती न येता संकलन कसं करणार?

पहिल्या वर्षी फक्त सीईटी घ्या, असं माझं मत आहे. जेईईचा बोर्ड लावला की फी जास्त घेता येते आणि फलकही भारी दिसतो. पण वीसातली दोनच पोरं त्या वाटेने जाणारी असतात, आणि त्या दोघांसाठी अठरा पोरं हवेत राहतात. त्या दोघांना रविवारी वेगळं बसवा. नागपूरच्या व्हीएनआयटी या केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थेत प्रवेश जेईई मेनवर होतो आणि निम्म्या जागा राज्यातल्या मुलांसाठी असतात, हे त्यांना सांगा, बळ येतं. बाकीच्यांसाठी अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर इथली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आणि तिथली मुख्य वाट सीईटीची.

पहिल्या दिवशी शिकवू नका, तपासा

पोरगा दहावीला गणितात ८५ गुण घेऊन येतो. तुम्ही उत्साहाने लिमिट सुरू करता आणि तिसऱ्या दिवशी कळतं की त्याला अपूर्णांकाची बेरीज अडते. दोष पोराचा नाही, दहावीचे गुण वेगळ्याच गोष्टीचे मिळतात. म्हणून पहिल्या दिवशी आठवी ते दहावीच्या पायावर वीस प्रश्नांचा कागद द्या. त्याला परीक्षा म्हणू नका, घाबरतात. माझ्या कागदावर अशा गोष्टी असतात: एक-तृतीयांश अधिक एक-चतुर्थांश, उणे तीनचा वर्ग आणि तीनच्या वर्गाचं उणे यातला फरक, कंस सोडवताना चिन्ह, एका रेषेचा चढ, साइन ३० अंश, आणि √(९ + १६).

या शेवटच्या प्रश्नावर जरा थांबतो. दरवर्षी अर्ध्याहून जास्त पोरं त्याचं उत्तर ७ लिहितात. ९ चं मूळ ३, १६ चं मूळ ४, बेरीज ७. फळ्यावर "चूक, उत्तर ५" असं लिहून पुढे गेलात तर दिवाळीत तीच पोरं वर्तुळाच्या समीकरणात तीच चूक करतील. एका वर्षी मी त्यांना सरळ बाहेर नेलं. क्लासमागेच शेत होतं. एकाला म्हटलं, धुऱ्या-धुऱ्यानं (बांधाबांधानं) चाल, आधी ३० पावलं सरळ, मग काटकोनात ४० पावलं. दुसऱ्याला म्हटलं, तू इथून तिथे पडीक तुकड्यातून तिरपा जा आणि पावलं मोज. पहिल्याची ७० झाली, दुसऱ्याची पन्नासेक. "आता सांगा, घाई असली तर कुठून जाता?" सगळे हसले, कारण तिरपी पायवाट प्रत्येकाच्या शेतात पडलेली असते आणि त्यावरून प्रत्येकाने बापाच्या शिव्या खाल्लेल्या असतात. वर्गांची बेरीज करून मूळ काढणं म्हणजे तिरपं जाणं, वेगवेगळी मुळं काढून बेरीज करणं म्हणजे धुऱ्याने जाणं. दोन्ही अंतरं सारखी कशी असतील? त्या बॅचमध्ये ७ लिहिणारा पुन्हा कोणी निघाला नाही. निघालाच तर मागून आवाज यायचा, "धुऱ्यानं चालला रे हा!"

कागद तपासून पोरांचे तीन ढीग करा. पाया पक्का असलेले, चिन्हात-अपूर्णांकात अडणारे, आणि पाढ्यांपासून सुरुवात करावी लागेल असे. तिसऱ्या ढिगाच्या पालकांना पहिल्याच आठवड्यात खरं सांगा. मी पहिल्या वर्षी सांगितलं नव्हतं. फी घेतली, वर्षभर गोड बोललो, आणि निकालानंतर एका बापाने बाजारात सगळ्यांसमोर विचारलं, "सर, तुमाले जुलैतच मालूम होतं ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता पहिले सहा आठवडे सगळ्या बॅचला फक्त पायाच शिकवतो. अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून ओरड होते, होऊ देतो.

प्रश्नाची भाषा

सीईटीचे भौतिक-रसायनाचे प्रश्न मराठीतही मिळतात, पण गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. शहरातल्या मास्तराला हे जाणवतही नाही. आपल्याकडे मराठी माध्यमातून किंवा नावापुरत्या सेमीतून आलेलं पोरगं बहुतेक वेळा इथेच गुण सांडतं.

तीन नाणी फेकली, किमान एक छापा येण्याची संभाव्यता किती, असा साधा प्रश्न. आमच्याकडच्या एका हुशार मुलीने उत्तर काढलं ३/८. रीत स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं, उत्तर चूक. विचारलं तेव्हा म्हणाली, "एक छापा म्हणजे एकच ना सर." 'अ‍ॅट लीस्ट' हे शब्द तिने वाचले होते, पण ते तिच्यासाठी शोभेचे होते. किमान एक म्हणजे एकही नाही हा एक प्रकार सोडून बाकी सगळं, म्हणून ७/८. संभाव्यता तिला येत होती. दोन शब्द येत नव्हते.

तेव्हापासून प्रत्येकाच्या वहीची शेवटची आठ पानं शब्दांसाठी राखीव. 'अ‍ॅट लीस्ट', 'अ‍ॅट मोस्ट', 'रिस्पेक्टिव्हली', 'डिस्टिंक्ट', 'नॉन-झीरो', 'सच दॅट'. शेजारी मराठी अर्थ आणि त्याखाली एक छोटं उदाहरण. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्यांसाठी जुन्या शब्दाची नव्याशी गाठ मारून द्यायची: सहगुणक म्हणजे कोइफिशंट, चढ म्हणजे स्लोप, स्पर्शिका म्हणजे टँजंट. तिथे सावध राहा, कारण टँजंट म्हणजे वर्तुळाची स्पर्शिकाही आणि त्रिकोणमितीतला टॅनही. मराठीतही 'छेद' अपूर्णांकाखाली असतो आणि दोन रेषांचाही होतो, तेव्हा हसायचं कारण नाही.

शिकवताना मात्र बिनधास्त मराठीत शिकवा, वऱ्हाडीत शिकवा. शब्द इंग्रजी, समज आपल्या बोलीत. क्रमचय शिकवायला मला पोळ्याइतकं सोपं काही सापडलेलं नाही. तोरणाखाली पाच बैलजोड्या एका रांगेत उभ्या करायच्या, किती प्रकारे? १२०. मानाची जोडी पहिलीच उभी राहणार असेल तर? उरलेल्या चारांच्या २४. दोन भावांच्या जोड्या शेजारी-शेजारीच पाहिजेत असा हट्ट असेल तर? त्यांची एक गाठ बांधा, २४ गुणिले २, म्हणजे ४८. आणि भाऊ भांडलेले असतील, शेजारी नकोच म्हणत असतील तर? १२० वजा ४८, ७२. हा शेवटचा प्रश्न पोरांनीच काढला होता.

जागा, वेळ आणि शेवटची गाडी

वेळापत्रक तुम्ही ठरवत नाही, एस.टी. ठरवते. बस स्थानकावर जा, आजूबाजूच्या खेड्यांच्या गाड्यांच्या वेळा लिहून घ्या आणि मग बॅच लावा. बारावीपर्यंतच्या मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे, पण मुक्कामी गाडी सोडली तर शेवटची गाडी सहाला निघून जात असेल तर सहाची बॅच मुलींसाठी नाहीच. मी सकाळी कॉलेजच्या आधी एक आणि दुपारी कॉलेज सुटल्यावर एक, अशा दोनच घेतो. सव्वापाचला बंद. एखादं उदाहरण अर्धं राहिलं तरी बंद.

क्लास रस्त्यावर असावा, दार उघडं असावं, आतलं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं. गावात एखादी मुलगी शिकवणीला येणं थांबली तर बहुतेक वेळा कारण गणिताचं नसतं. पहिल्या महिन्यात दोन-चार आयांना येऊन मागे बसू द्या. माझ्याकडे एक काकू आठवडाभर बसल्या, मेथी निवडत. शेवटी म्हणाल्या, "येते सर थोडं थोडं समजून." त्यांच्या शब्दावर त्या गावातून चार मुली आल्या.

टिनाचं शेड घेत असाल तर मार्च ते जून काय करणार ते आधी ठरवा. सीईटी एप्रिल-मेमध्ये असते आणि आपल्याकडे पारा तेव्हा पंचेचाळीसच्या घरात असतो. दुपारी टिनाखाली पोरगं बसतं, पण डोकं बसत नाही. उन्हाळ्यात सकाळी साडेसहा ते नऊ, बस. कूलरपेक्षा आधी इन्व्हर्टरला पैसे घाला, लाइट गेली की कूलर तसाही शोभेचा.

आता कायद्याचं. तुम्ही शाळेत शिक्षक असाल तर थांबा: शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. नोकरीत नसाल तर प्रश्न नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या ५० हून जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत. दहावीच्या परीक्षेआधी प्रवेश नको, शिकवणारा किमान पदवीधर हवा, विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा हवी, शाळेच्या वेळेत क्लास नको, पोरगं मधेच सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत. तुमची पोरं वीसच असली तरी हे सगळं पाळायला काय जातं? फी परत देतो हे गावात कळलं की जाहिरातीचे पैसे वाचतात. जीएसटीची चिंता वर्षाची जमा २० लाखांपुढे गेल्यावर करा. जाईल तेव्हा मला जेवायला बोलवा.

फी: महिना नको, हंगाम धरा

शहरात महिन्याच्या पाच तारखेला फी येते, कारण पगार एक तारखेला होतो. आपल्याकडे जून-जुलैत शेतकऱ्याच्या हातचा पैसा बियाणं-खतात जातो आणि तेव्हाच तुम्ही प्रवेश फी मागता. पहिल्या वर्षी मी तसंच केलं. बावीस पोरं विचारून गेली, नऊ बसली.

आता वर्षाची फी ९ हजार, तीन भागांत. प्रवेशाला फक्त एक हजार. दुसरा हप्ता दिवाळीच्या आसपास, सोयाबीन विकलं गेलं की. तिसरा संक्रांतीनंतर, कापसाचा चुकारा झाला की. धानाच्या पट्ट्यात, भंडारा-गोंदियाकडे, किंवा वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या भागात असाल तर तिथला हंगाम धरा. पावती प्रत्येक हप्त्याची द्यायची, शंभर रुपये दिले तरी द्यायची. उधारी वहीत लिहायची, फळ्यावर किंवा पोरासमोर कधीच काढायची नाही. फीसाठी पोराला उभं केलं की ते दुसऱ्या दिवसापासून येत नाही आणि बापाला कारणही सांगत नाही.

दरवर्षी एक-दोन पोरं फीशिवाय बसवावी लागतात. कोणाची, हे इतर पोरांना कळता कामा नये.

हंगामाचा दुसरा मार हजेरीवर पडतो. सोयाबीनची सोंगणी लागली की निम्मा क्लास शेतात, पुढे कापूस वेचणीला मजूर मिळाला नाही की तेच. रागावून उपयोग नाही. त्या पंधरा दिवसांत नवा धडा सुरू करू नका, जुन्या धड्यांचे प्रश्न सोडवा. जे आले नाहीत त्यांच्यासाठी रोज एक फोटो गटावर टाका: तीन प्रश्न, फक्त तीन. संध्याकाळी हात-पाय धुऊन पोरगं तीन प्रश्न सोडवतं. दहा दिले तर एकही सोडवत नाही.

धड्यांचा क्रम

पुस्तकाच्या क्रमाने जाऊ नका. बालभारतीच्या बारावीच्या गणिताचे दोन भाग, मिळून पंधरा धडे. त्यातले पाच असे आहेत की त्यांना त्रिकोणमितीचा फारसा आधार लागत नाही: तर्कशास्त्र, मॅट्रिक्स, लिनिअर प्रोग्रामिंग, संभाव्यता वितरण आणि द्विपद वितरण. पाया कच्चा असलेलं पोरगंही या पाचांत गुण मिळवतं. बारावीची सुरुवात यांनीच करा. दोन महिन्यांत त्याला पेपरातले काही प्रश्न सुटताना दिसले की ते टिकतं. लिनिअर प्रोग्रामिंगला उदाहरण बाहेरून आणावं लागत नाही: पाच एकर, कापूस किती आणि तूर किती, मजुरी एवढी, पाणी एवढं. पोरं म्हणतात, "सर, पाऊस कुठी टाकाचा यात?" प्रश्न बरोबर आहे, पण पेपरात येत नाही.

तोवर दुसऱ्या बाजूने त्रिकोणमिती, सरळ रेषा आणि फंक्शन पक्कं करत राहा, कारण पुढचं सगळं कॅल्क्युलस त्यावर उभं आहे: विकलन, त्याचे उपयोग, दोन्ही प्रकारचं संकलन, त्याचे उपयोग, अवकल समीकरणं. हे सहा धडे डिसेंबरपर्यंत संपवा. जानेवारीत तोंडी-प्रात्यक्षिकं, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. बोर्डाला हलकं घेऊ देऊ नका. अभियांत्रिकीच्या प्रवेशाला बारावीच्या ठरलेल्या विषयांत खुल्या गटाला ४५ टक्के, राखीवला ४० टक्के लागतात. सीईटीत उत्तम आणि बोर्डात गोते, अशी पोरं दरवर्षी दिसतात.

उत्तरापर्यंत जायच्या आडवाटा शिकवाव्या लागतात, पण शेवटी. संकलन अडलं तर पर्यायांचं विकलन करून कोणता मूळ प्रश्नाशी जुळतो ते पाहा. त्रिकोणमितीत कोनाच्या जागी ४५ अंश टाकून पाहा, आणि दोन पर्याय जुळले तर दुसरा कोन टाका. जुलैतच ही युक्ती दिली की पोरं रीत शिकतच नाहीत. मी फेब्रुवारीपर्यंत तोंड मिटून बसतो.

माऊस आणि मान

परीक्षा संगणकावर असते. आपली पोरं मोबाइलवर जन्मली आहेत, माऊस हातात धरला की थरथरतात. गावातल्या सेवा केंद्रवाल्याशी किंवा शाळेच्या संगणक कक्षाशी बोलून बोर्डानंतर चार-पाच सराव परीक्षा तिथे घ्या.

याहून मोठी अडचण मानेची. प्रश्न समोर पडद्यावर, आकडेमोड खाली कागदावर. वर बघायचं, खाली लिहायचं, यात उणे चिन्ह गळतं, ५ चा ३ होतो. कागदावरच्या पेपरात हे कधी दिसत नाही, म्हणून मास्तरलाही कळत नाही. यावर खर्च नसलेला उपाय: शनिवारची टेस्ट छापून देऊ नका. फळ्यावर प्रश्न लिहा, पोरांना अख्खा प्रश्न उतरवायला मनाई करा, फक्त आकडेमोड वहीत. महिनाभरात गळती निम्म्यावर येते आणि झेरॉक्सचे पैसेही वाचतात.

टेस्ट तपासून गुण सांगण्यात अर्थ कमी. प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहायला लावा: पाया कच्चा असेल तर 'पा', शब्द कळला नसेल तर 'श', घाई झाली तर 'घा', वेळच पुरला नाही तर 'वे'. तीन टेस्टनंतर वही स्वतःच बोलते. 'घा' वाल्याला आणखी धडे शिकवून काय होणार?

पुस्तकांवर पोरांचे पैसे उडवू नका. बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत. नागपूरची महाज्योती संस्था इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास गटांतल्या पोरांना या परीक्षांचं ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब देते. दहावीच्या निकालानंतर अर्ज कधी निघतो यावर लक्ष ठेवा आणि फॉर्म तुमच्याच क्लासमध्ये बसून भरून घ्या. पोरगं टॅबवर दुसऱ्याचं शिकेल आणि तुमचा क्लास सोडेल, ही भीती मलाही होती. झालं उलटं, टॅबवरचं न कळलेलं विचारायला पोरं लवकर येऊ लागली.

आई-बापांशी बोलताना

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे वर्षातून तीनदा सांगावं लागतं. ८० पर्सेंटाइल म्हणजे त्या पाळीत बसलेल्या शंभरांतले ८० त्याच्याइतके किंवा त्याच्या मागे. पेपर अनेक पाळ्यांत होतो म्हणून ही पद्धत. "पोट्ट्याले ऐंशी पडले" म्हणून पेढे वाटून झाल्यावर हवं ते कॉलेज मिळत नाही, तेव्हा शिव्या आपल्याला बसतात.

मुलींच्या घरी आणखी एक गोष्ट सांगा. २०२४-२५ पासून राज्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. "पोरीवर एवढा खर्च" हे वाक्य तिथेच थांबतं. माझ्या क्लासमधल्या दोन मुली या एका माहितीवर घरून सुटल्या.

आणि कागदं. जातवैधता, नॉन-क्रीमी लेअर, रहिवासी, उत्पन्न. हे गणित नाही, पण प्रवेश यानेच अडतो. बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाकडून एक फाइल बनवून घ्या, नाव सगळ्या कागदांवर सारखं आहे का ते स्वतः पाहा. एका पोराच्या बापाचं नाव दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं होतं. जूनमध्ये धावपळ करून ते दुरुस्त व्हायला महिना गेला.

परीक्षेच्या दिवशी

केंद्र बहुतेक जिल्ह्याच्या ठिकाणी येतं, कधी शेजारच्या जिल्ह्यातही. सकाळची पाळी नऊला सुरू होते, आत दीड तास आधी पोहोचावं लागतं. आपल्या खेड्यातली पहिली गाडी धरून ते जमत नाही. एका वर्षी चार पोरांनी मिळून जीप केली, रस्त्यात टायर फुटला, आणि पोहोचेपर्यंत गेट बंद. त्यातल्या एकाचा वर्षभर पहिला नंबर होता.

तेव्हापासून सकाळच्या पाळीची पोरं आदल्या दुपारीच निघतात. कोणाचा मामा, कोणाची आत्या शहरात राहते याची यादी मार्चमध्येच करून ठेवतो, ज्यांचं कोणी नाही त्यांना दुसऱ्यांच्या नातेवाइकांकडे वाटून देतो. सोबत प्रवेशपत्राच्या दोन प्रती, मूळ ओळखपत्र, पाण्याची बाटली, डोक्याला दुपट्टा, आणि कांदा. कांद्यावर पोरं हसतात, आया मात्र न विसरता पिशवीत टाकतात.